अर्ध्या मैदानावर सोयाबीन

आज सकाळी तो आवाज पुन्हा आला. पोत्याचं तोंड सुटतं, पोतं आडवं होतं आणि सिमेंटवर सोयाबीन ओतायला लागतात, तो आवाज. आधी टपटप, मग सरसर, मग एक लांबच लांब सर्रर्र. मी हातातला चहा तसाच ओट्यावर ठेवला, चपला कशाबशा पायात अडकवल्या आणि मैदानाकडे धावत सुटले. चाळिशी ओलांडलेल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईनं असं धावू नये, हे डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलेलं आहे. पण डॉक्टरांनी हा आवाज ऐकलेला नाही. हंगाम आला होता! मला रस्त्यातच हसू फुटलं.

फुलसावंगीत गावाच्या कडेला बास्केटबॉलचं एक मैदान आहे. कुठल्याशा योजनेत ते आलं. दोन लोखंडी खांब, दोन रिंगा आणि मधे चांगलं घोटलेलं, गुळगुळीत, उन्हात तापणारं सिमेंट. ते झालं तेव्हा म्हणे सगळं गाव बघायला लोटलं होतं. लोकांनी खांबांकडे बघितलं, रिंगांकडे बघितलं, खाली वाकून सिमेंटवर हात फिरवला आणि एकमतानं ठरवून टाकलं की असं सुंदर खळं अख्ख्या महागाव तालुक्यात नाही.

गेल्या वर्षी मी इथं मुलींना शिकवायला आले तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. पावसाळा होता. मैदानावर पाणी साचायचं, आम्ही ते खराट्यानं लोटायचो आणि बॉल आपटला की तोंडावर चिखलाचे शिंतोडे उडायचे. शाळा सुटल्यावर मुली येत. चांगल्या धिप्पाड, वावरात राबलेल्या, हाक मारली तर पार बसस्टँडवर ऐकू जाईल अशा मुली. बास्केटबॉल म्हणजे नेमकं काय हे त्यांच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं आणि त्याचं कोणालाही वाईट वाटत नव्हतं. मला तर अशाच मुली हव्या होत्या. शहरातल्या अकादमीत सहा वर्षांच्या पोरीचे पाय बघून आईबाप विचारतात, हिची उंची किती होईल हो. इथं पहिल्या दिवशी वैष्णवीनं बॉल हातात घेऊन मला विचारलं होतं, ‘‘ताई, यात हवा कुठून भरते?’’

मीही एके काळी तशीच होते. माझा तांडा दारव्ह्याजवळचा. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे, म्हणून आमच्या घरात कोणाचा पाय एका जागी टिकत नाही, असं माझी याडी म्हणायची. याडी म्हणजे आम्हा बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आई. मी उंच होते म्हणून दारव्ह्याच्या शाळेतल्या सरांनी मला बॉल दिला आणि त्या बॉलच्या मागे मी जी निघाले ती क्रीडा प्रबोधिनी, विद्यापीठ, राज्य असं करत करत थेट दक्षिणेतल्या एका मोठ्या क्लबात जाऊन पोचले. खेळायचे पैसे मिळतात, हे तांड्यात कोणालाच पटेना. याडीनं शेजारणीला सांगितलं होतं की वनिता मद्रासकडे नोकरीला आहे, ऑफिस मोठं आहे, पण चड्डी घालून जावं लागतं.

त्या क्लबातला पहिला दिवस मला कालच्यासारखा आठवतो. लाकडाची जमीन मी पहिल्यांदा बघितली. पिवळसर, चकाकती, वरच्या दिव्यांचं प्रतिबिंब पडेल इतकी स्वच्छ. पॉलिशचा गोडसर वास, बुटांचं चूंचूं, आणि मधोमध ती जाड रेष. मी कडेला थांबले, वाकले आणि बूट काढून बाजूला ठेवले. इतक्या छान सारवलेल्या जागेवर कोणी बूट घालून जातं का? सगळी टीम हसून हसून लोळली. मला समजेचना की यात हसण्यासारखं काय आहे. पायच थांबले होते, मी काय करणार!

मी पॉइंट गार्ड होते. म्हणजे आपल्या बाजूला बॉल हाती आला की तो घेऊन मधली रेष ओलांडायची आणि समोरच्यांच्या अंगणात खेळ मांडायचा. त्यासाठी आठ सेकंद मिळतात. तेवढ्यात रेष ओलांडली नाही तर शिट्टी वाजते आणि बॉल दुसऱ्यांचा होतो. इतकी वर्षं माझं पोट या एका कामावर चाललं, रेष ओलांडणं. किती शहरांत, किती भाषांच्या आरोळ्यांत ओलांडली असेल! अंगावर दोन धिप्पाड मुली धावून येतायत, घाम डोळ्यांत जातोय, आणि त्या दोघींच्या मधून आपण सुळकन पलीकडे. त्या क्षणी छातीत जे व्हायचं ते सांगायला मला अजून शब्द सापडलेला नाही. मग एका संध्याकाळी गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला आणि ते संपलं.

खेळाडूचा कोच होतो तेव्हा पहिला प्रश्न हा असतो की हातांचं काय करायचं. इतकी वर्षं हातात बॉल असतो, आता शिट्टी असते. रेषेच्या बाहेर उभं राहायचं, ओरडायचं आणि आपल्याला जे डोळे मिटून येतं ते दुसऱ्याला का येत नाही, यावर मनातल्या मनात जळायचं. मी परीक्षा दिल्या, कोचची प्रमाणपत्रं मिळवली, दोन शहरांत शिकवलंही. काम बरं चाललं होतं आणि मला मजा येत नव्हती. मग आपल्याच जिल्ह्यात जागा आहे असं कळलं आणि मी दुसऱ्या दिवशी सामान बांधलं. पाय टिकत नाही, त्याला इलाज नाही.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. दसऱ्यानंतर एका सकाळी मी मैदानावर गेले आणि बघते तर मैदानच नाही! या खांबापासून त्या खांबापर्यंत नुसतं सोयाबीन. हडंब्यातून, म्हणजे मळणीच्या यंत्रातून, नुकतंच निघालेलं, ओलसर, त्याचा तो मातकट उग्र वास. त्यात एक गृहस्थ धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, पाय ओढत ओढत, दाणे वरखाली करत निवांत फिरत होते. हे गजाननभाऊ, वैष्णवीचे वडील. मैदानाला लागूनच त्यांचं घर. त्यांच्या आवाजाबद्दल एवढंच सांगते की ते मोबाइलवर बोलतात तेव्हा मोबाइलची गरज कशाला, असं वाटतं.

‘‘भाऊ, हे मैदान आहे,’’ मी म्हणाले.

‘‘हो ना,’’ ते खूश होऊन म्हणाले. ‘‘लय झ्याक मैदान हाय. दोन दिवसांत माल खडखडीत वाळते.’’

‘‘आमची स्पर्धा आहे. यवतमाळला. मुलींनी खेळायचं कुठं?’’

त्यांनी खरंच विचार केला. कमरेवर हात ठेवून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. ‘‘मॅडम, अर्ध तुमचं, अर्ध आमचं. रेष त तुमीच मारून ठेवली हाय ना मधात!’’

मी इतकी वर्षं जी रेष ओलांडून पोट भरलं, ती त्यांच्या मते वाटणीसाठीच आखलेली होती. मी भांडले, हातवारे केले, सरपंचांकडे गेले. सरपंचांचंही सोयाबीन रांगेत होतं. शेवटी अलीकडचं अर्धं आमचं आणि पलीकडचं अर्धं सोयाबीनचं असं ठरलं, आणि एक नियम झाला. ज्या मुलीचा बॉल किंवा पाय सोयाबीनमध्ये जाईल, तिनं उडालेला दाणा न् दाणा वेचून परत टाकायचा.

आणि मग सुरू झाला तो हंगाम. देवा रे, काय दिवस होते ते! मी कुठल्याही स्टेडियमशी त्यांची अदलाबदल करणार नाही. संध्याकाळचं ऊन सोयाबीनवर पडायचं आणि अर्धं मैदान पिवळंधमक व्हायचं. हवेत भुसा तरंगायचा, मुली शिंकत शिंकत पास द्यायच्या. दिवाळीच्या सुट्टीत त्या दिवसभर कापूस वेचून यायच्या. केसांत कापसाचे पुंजके, बोंडांच्या टोकांनी बोटांवर ओरखडे, आणि तरी बॉल दिसला की भूक लागल्यासारख्या तुटून पडायच्या. एका दिवशी वैष्णवी आईला घेऊन आली. त्यांच्या वावरात सीतादही झालं होतं. कापसाच्या पहिल्या वेचणीला आमच्याकडे वावरात पूजा करतात, दहीभात पराटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, शिंपडतात. त्यातला घासभर दहीभात वैष्णवीच्या आईनं माझ्या तळहातावर ठेवला आणि मला म्हणाल्या, ‘‘तुमच्या बॉललेही लावा.’’ मी लावला. तो बॉल पुढे आठवडाभर दह्यासारखा आंबूस वास मारत होता.

पलीकडे लिंबाखाली बाज टाकून गजाननभाऊ राखण करत बसायचे. एकाचा माल उचलला की दुसऱ्याचा यायचा, पण राखणदार तेच. शेळ्यांसाठी हातात काठी आणि मुलींसाठी तो आवाज. कोणी बॉलच्या मागे धावत रेषेपर्यंत आली की हाळी यायची, ‘‘ओ पोरीहोऽ! सोयाबीन!’’ आणि मुलगी जागच्या जागी थांबायची. थांबावंच लागायचं. सिमेंटवरच्या सोयाबीनवर बुटाचा पाय पडला की दाणे असे सरकतात की माणूस सरळ पाठीवर. त्यांच्यातली रोशनी एकदा अशी पडली आणि वर तिलाच दाणे वेचावे लागले. नंतर नंतर तर हाळीचीही गरज पडेना. मुली वाऱ्यासारख्या यायच्या, रेषेपाशी एक पाय उचलायच्या, तो तसाच मागे घ्यायच्या आणि वळायच्या. मी बाहेरून बघायची आणि खूश व्हायची. काय ताबा आहे शरीरावर! अर्ध्या मैदानात, एका रिंगवर, त्या असा खेळ करायला लागल्या की बस. बॉल हातातून सुटत नसे, पास जमिनीलगत, नेमके. आणि पळण्याचा सराव कमी पडू नये म्हणून मी त्यांना सकाळी महागावच्या रस्त्यानं बॉल आपटत पळवत होते. मला वाटलं, सगळं झालं.

एकच गोष्ट डोक्यावर टांगलेली होती. वैष्णवी. ती माझी पॉइंट गार्ड. अशी मुलगी कोचला आयुष्यात एखाददुसरी मिळते. तिला मागेही डोळे होते. पण कापूस फुटून पांढरा झाला होता, वेचायला माणसं मिळत नव्हती, आणि संध्याकाळी दोन तास बॉल आपटणारे हात घरात सगळ्यांच्या नजरेत होते. गजाननभाऊंनी बाजेवर बसल्या बसल्या मला सांगून टाकलं.

‘‘मॅडम, राग नका मानू. मी येतो यवतमाळले पाहाले. पोरगी तिथं काही करून दाखवते का, ते पाह्यतो. नुसती उभीच राह्यली त मंग बंद. उभी राहाले घरी का जागा कमी हाय?’’

‘‘आणि करून दाखवलं तर?’’

‘‘त मंग पाहू.’’

वैष्णवी तिथंच होती. बॉल घेऊन रिंगखाली गेली आणि अंधार पडेपर्यंत टाकत राहिली.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं सोयाबीन पोत्यांत भरून ढाणकीच्या बाजाराला गेलं. आम्ही तेव्हा शाळेत जर्सीवर नंबर चिकटवत बसलो होतो. पहाटे काळीपिवळीत कोंबून निघालो तेव्हा मैदानाकडे कोणी बघितलंही नाही. जीपमध्ये गाणी, उलट्या, भजी, भांडणं, सगळं झालं. पुढच्या सीटवर गजाननभाऊ खांद्यावर नवा दुपट्टा टाकून गप्प बसले होते.

यवतमाळचा हॉल लाकडी जमिनीचा निघाला. माझ्या मुली कडेला थबकल्या. मी आधीच ओरडले, ‘‘बूट काढायचे नाहीत!’’ त्या माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्यापैकी कोणी बूट काढणारच नव्हती. जमाना बदललाय.

मॅच सुरू झाली आणि पहिल्याच मिनिटाला मी नाचायची बाकी राहिले. समोर शहरातल्या शाळेच्या मुली, एकसारखे बूट, एकसारख्या वेण्या. आमच्या रिंगखाली त्या आल्या की त्यांना श्वास घ्यायला जागा मिळेना. रोशनीनं बॉल हिसकावला, वैष्णवीला दिला. वैष्णवी निघाली. दोघींना चकवलं. समोर सगळं मैदान मोकळं! मी उभी राहिले. ती मधल्या रेषेपाशी आली आणि थांबली.

थांबली म्हणजे थांबलीच. एक पाय उचलला, मागे घेतला, वळली आणि रोशनीला पास दिला. रोशनी रेषेपाशी आली आणि थांबली. शिट्टी वाजली. आठ सेकंद.

मला वाटलं, बुजल्या. पुन्हा बॉल मिळवला, पुन्हा तेच. पाचही जणी रेषेच्या अलीकडे, आपसांत एकाहून एक सुंदर पास, आणि पलीकडे एकही पाऊल नाही. शिट्टी. पुन्हा शिट्टी. प्रेक्षकांत मुलं हसायला लागली. मी टाइम-आउट घेतला.

‘‘वैशू, काहून थांबून राहिलीस?’’ घाईत माझीही बोली सुटली.

‘‘माहीत नाही, ताई,’’ ती घामाघूम होऊन म्हणाली. ‘‘मी जातो म्हणतो, पण पायच थांबते.’’

मी बोर्डावर बाण काढले. निळे काढले, लाल काढले. दक्षिणेतल्या त्या क्लबात शिकलेलं होतं नव्हतं ते सगळं त्या बोर्डावर ओतलं. ‘‘पलीकडे जायचं. कळलं?’’ ‘‘हो ताई,’’ पाची जणी म्हणाल्या. आणि गेल्या, आणि थांबल्या. मध्यंतराला फलकाकडे बघवत नव्हतं. मी वर बघितलं. गजाननभाऊ दुपट्ट्याचं टोक हातात पिळत बसले होते. पोरगी उभी होती. अगदी त्यांनी म्हटलं तशीच उभी होती. मुलीचा खेळ वाचवायचा हा एकच दिवस होता आणि तो माझ्या डोळ्यांसमोर हातातून चालला होता, आणि कोच म्हणून मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं.

मध्यंतर संपलं. वैष्णवीनं बॉल घेतला, आली, रेषेपाशी पोचली. उजवा पाय उचलला. तो पाय हवेत होता, तेवढ्यात वरच्या बाकावर कोणीतरी ताडकन उभं राहिलं. हंगामभर बाजेवरून हा उचललेला पाय बघणारं एकच माणूस त्या हॉलमध्ये होतं.

‘‘वैशूऽऽ!’’ हॉलचे पत्रे हलले. ‘‘कायले थांबून राह्यली व? माल उचलला! कालच ढाणकीले गेला सारा माल!’’

पंचांची शिट्टी तोंडातच राहिली. वैष्णवीनं खाली बघितलं. रेषेच्या पलीकडे चकचकीत लाकूड होतं. एक दाणा नव्हता. तिनं तो उचललेला पाय पलीकडे टेकवला, सावकाश, दाबून बघितला. मग दुसरा. मग तिचा चेहरा असा काही फुलला की मी तो मरेपर्यंत विसरणार नाही. आणि निघाली! पहिली चार पावलं धान्यातून चालल्यासारखी उंच उंच टाकली, मग धाव घेतली, आणि मोकळ्या रिंगखाली जाऊन इतक्या अलगद बॉल सोडला की जाळी नुसती सळसळली. मी किंचाळले. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. मला सगळं एका झटक्यात कळलं होतं आणि मला रडावं की हसावं समजत नव्हतं.

मग काय विचारता! बॉल हाती आला की वैष्णवी ओरडायची, ‘‘माल?’’ आणि बाकीच्या चौघी, ‘‘ढाणकीले गेला!’’ आणि पाचही जणी खिदळत पलीकडे. समोरच्या मुलींना वाटलं की ही काहीतरी गुप्त खूण आहे. त्यांच्या कोचनं कागदावर लिहूनही घेतलं. पंचांनी गजाननभाऊंना समज दिली की खेळाडूंना सूचना देऊ नका. भाऊ म्हणाले, ‘‘मी कुठं सूचना देल्ली? मी त बजारभाव सांगून राह्यलो.’’

आम्ही हरलो. थोडक्यात हरलो असं मी लोकांना सांगते, पण मध्यंतरापर्यंतचं देणं एवढं होतं की ते फिटणं शक्यच नव्हतं. हरल्यावर इतका आनंद झालेला मी दुसरा संघ बघितलेला नाही. जिंकलेल्या मुली आमच्याकडे बघत राहिल्या.

परतीच्या जीपमध्ये मला तो दक्षिणेतला पहिला दिवस आठवला. काढून ठेवलेले बूट, हसणारी टीम. माणूस खेळाचे नियम डोक्यानं शिकतो, पण पाय आपले घरचेच असतात. त्यांना अंगण कळतं, सारवण कळतं, दाणा कळतो. दाण्यावर पाय देऊ नये हे माझ्या मुलींना कोणी शिकवावं लागलं नव्हतं, आणि मी मात्र त्याला शरीरावरचा ताबा समजून टाळ्या वाजवत होते. मला स्वतःचंच हसू येत होतं. पण हसू पूर्ण येईना, कारण पुढच्या सीटवर गजाननभाऊ अजून गप्पच होते. विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. वैष्णवी खिडकीतून बाहेर बघत होती. कापसाची वावरं मागे पळत होती, पांढरी, वेचायची राहिलेली.

आर्णीला चहासाठी थांबलो. भाऊ माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. बशीत चहा ओतला, फुंकला.

‘‘मॅडम, एक इचारू?’’

‘‘विचारा ना.’’

‘‘थे आठ सेकंद कोन मोजते? पंच मनातल्या मनात मोजते, का घड्याळ हाय?’’

त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, लाकडावर बॉल जास्त उडते का सिमेंटवर. मग विचारलं, त्या उंच वेणीवालीनं वैशूला कोपर मारलं तेव्हा शिट्टी काहून नाही वाजली. चहा संपला. बशी टेबलावर ठेवता ठेवता, मुलीकडे न बघता ते म्हणाले, ‘‘वैशू, सकाळी कापूस वेच. संध्याकाळी खेळाले जाजो.’’

वैष्णवीनं ‘‘बरं’’ म्हटलं आणि उरलेली सगळी भजी एकटीनं खाल्ली. माझी जीभ चहानं पोळली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. खेळाडू म्हणून मी मोठमोठ्या मॅच जिंकले, पण असं अंगभर सुख कोणत्याही मॅचनं दिलं नव्हतं. हातांचं काय करायचं हा प्रश्नही तिथंच कधीतरी सुटला. मी दोन्ही हातांनी मुलींना भज्यांचे कागद गोळा करायला लावत होते.

आणि आज पुन्हा तोच आवाज. मी धापा टाकत मैदानावर पोचले. मुली माझ्याआधीच जमल्या होत्या, नव्या आणि जुन्या, दहावीत गेलेली वैष्णवी सगळ्यांत पुढे. सगळ्या मधल्या रेषेवर रांगेत उभ्या राहून पलीकडे बघत होत्या.

पलीकडच्या अर्ध्यात सोयाबीन पसरलेलं होतं, नेहमीसारखं. पण मधोमध, रेषेपासून थेट समोरच्या रिंगपर्यंत, कोरी वाट सोडलेली होती. दोन्ही कडांना पायानं दाबून नीट बांध घातलेला. दोन मुली शेजारी शेजारी धावू शकतील एवढी वाट. आणि रिंगखाली अर्धगोल मोकळा.

गजाननभाऊ फावडं टेकवून उभे होते. ‘‘औंदा वाट ठेवली,’’ ते म्हणाले. ‘‘पोरीइले तिकडं जाची सवय पाह्यजे. नाही त मले दरसाली यवतमाळले येऊन बोंबलावं लागते.’’

वैष्णवीनं माझ्या हातात बॉल देण्यासाठी पुढे केला, तो भाऊंनीच मधे घेतला. ‘‘दे इकडं. आधी मी पाह्यतो, वाट पुरते का नाही.’’

आणि ते निघाले! एका हातानं धोतर सावरत, दुसऱ्या हातानं बॉल असा आपटत की जणू तो त्यांच्यावर उसळून येईल. रेष ओलांडली. सोयाबीनच्या दोन बांधांमधून, जीभ बाहेर काढून, डोळे बॉलवर रोखून ते चालले होते आणि मागून सगळ्या मुली श्वास रोखून बघत होत्या. आठ सेकंद तर केव्हाच होऊन गेले होते. रिंगखाली पोचले, वर बघितलं, दोन्ही हातांनी खालून बॉल फेकला. बॉल फळीला लागला, कडेला लागला, एकदा हवेत थांबल्यासारखा झाला आणि धप्पकन सोयाबीनच्या मधोमध जाऊन पडला. दाणे चारी दिशांना उडाले.

आणि मग साऱ्या पोरी एका सुरात ओरडल्या, ‘‘ओ भाऊऽऽ! सोयाबीन!’’

गजाननभाऊंनी कान पकडले. नियम म्हणजे नियम. ते उकिडवे बसले आणि एकेक दाणा वेचून परत टाकायला लागले. मी शिट्टी फुंकली. वैष्णवीनं बॉल उचलला, रेषेच्या अलीकडे आली, वळली आणि बापाच्या शेजारून धावत पलीकडे गेली.